सिगारेट सोडायचीय? आधी फोन लावा, ॲप नंतर

'सिगारेट कशी सोडावी' असं मोबाइलवर टाकून बघा. चार चूर्णांच्या जाहिराती येतील, 'सात दिवसांत व्यसनमुक्ती' छापाचे व्हिडिओ येतील, काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे फोटो लावलेली डझनभर ॲप्स येतील. ज्या सरकारी हेल्पलाइनसाठी आपल्याच करातून पैसे जातात, ती या गर्दीत कुठेतरी खाली सापडते. खरं तर ती शोधायची गरजच नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून तिचा नंबर सिगारेट-बिडीच्या पाकिटावर छापला जातो: १८००-११-२३५६. पण आपल्याकडे बरेच जण पाकीट घेतात कुठे? टपरीवर 'एक दे रे' म्हटलं की सुट्टी सिगारेट हातात येते आणि पाकीट टपरीवाल्याच्या फळीवरच राहतं. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेटी-बिड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कुठल्याही कॉलेजच्या गेटबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

हा लेख पहिल्यांदाच सोडायला निघालेल्यांसाठी आहे. घरातल्या कुणाला मदत करायची असेल तरी चालेल, फक्त फोन त्या माणसाने स्वतः करायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा क्रम असा का ते लक्षात येईल. मोबाइलवरची मदत दोन जातींची असते. एक तुमच्या मागे लागते: फोन करते, मेसेज टाकते, 'काय झालं परवा?' असं विचारते. दुसरी तुम्ही कधी उघडता याची वाट बघत स्क्रीनवर पडून राहते. सोडायला निघालेल्या माणसाला पहिली लागते, आणि आपण डाउनलोड मात्र दुसरी करतो. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये मोबाइलवरच्या अशा उपायांच्या चाचण्यांचा आढावा घेतला होता. नियमित मेसेज मिळणाऱ्यांमध्ये सिगारेट सुटण्याचं प्रमाण साधारण दीडपट दिसलं. ॲप्सच्या बाबतीत तसा फायदा दिसला नाही. साधा एसएमएस ॲपच्या पुढे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तलफ आल्यावर स्वतःहून 'सोडा सिगारेट' नावाचं ॲप कोण उघडतं?

पायरी १: दोन-तीन दिवस नुसतं लिहा

लगेच सोडू नका. आधी मोबाइलमधल्या नोट्समध्ये प्रत्येक सिगारेटची एक ओळ लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, आणि तलफ दहापैकी किती. सिगारेट पेटवायच्या आधी लिहायचं, विझवल्यावर नाही. एखाद्या नोकरदाराचा दिवस असा दिसेल:

सकाळी ६.५०, गॅलरी, एकटा, ९
८.१५, घरचा चहा झाल्यावर, ६
११.००, ऑफिसखालची टपरी, दोघे जण सोबत, ३
११.१०, तिथेच, दुसरी, १
दुपारी २.००, जेवणानंतर, ८
५.३०, साहेबांशी वाजल्यावर, ७
रात्री १०.३०, गच्ची, फोनवर बोलताना, ४

ही यादी बघितली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अकरा वाजताच्या दोन सिगारेटी तलफेच्या नाहीतच, त्या टपरीच्या आहेत. सकाळची आणि जेवणानंतरची मात्र खरी. टपरीच्या सिगारेटीवर उपाय म्हणजे टपरीवर न जाणं किंवा चहा वर मागवणं. सकाळच्या सिगारेटीला औषध लागू शकतं. दोन्हींना एकच मात्रा चालत नाही.

झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते, ही वेळ नीट लिहा. निकोटिनचं अवलंबित्व मोजायला डॉक्टर फागरस्ट्रॉम चाचणी वापरतात. तिच्या सहा प्रश्नांपैकी ज्या दोन प्रश्नांना सर्वाधिक गुण आहेत, त्यांतला हा एक: पाच मिनिटांच्या आत पेटवत असाल तर ३, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १. दिवसाला सहाच ओढणारा पण डोळे उघडताच पेटवणारा माणूस 'माझं काय, कमीच आहे' म्हणत असेल, तर तो स्वतःची समजूत घालतोय.

पायरी २: १८००-११-२३५६

ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती २०१६ साली सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बोरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट ही केंद्रं जोडली गेली, त्यामुळे मराठीत बोलायची सोय झाली. कॉलला पैसे पडत नाहीत. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद.

लोक फोन करत नाहीत त्यामागे बहुतेक वेळा एकच भीती असते: पलीकडचा माणूस झापणार. तसं होत नाही. समुपदेशक साधे प्रश्न विचारतात: काय घेता, किती, किती वर्षं, पहिली कधी लागते, आधी कधी सोडली होती का, मग पुन्हा कशामुळे सुरू झाली, घरात आणखी कोण ओढतं, बीपी-शुगरची औषधं चालू आहेत का. पहिल्या पायरीतली यादी समोर असेल तर उत्तरं भराभर देता येतात. 'तसं फार नाही, आठ-दहा होतात' असं मोघम बोलून स्वतःचाच तोटा करू नका, आकडा सांगा.

पहिला फोन घाईत करायचा नाही. लोकलमध्ये उभ्याने नको, ऑफिसच्या लिफ्टमध्ये नको. अर्धा तास मोकळा ठेवा. हेल्पलाइनकडून पुढेही फोन येतात, आणि या सेवेची खरी किंमत तिथेच आहे. तेव्हा 'तुमचा फोन कुठल्या नंबरवरून येईल?' हे पहिल्याच कॉलमध्ये विचारून तो नंबर सेव्ह करा. आजकाल अनोळखी नंबर कुणी उचलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आलेला नेमका तोच फोन 'लोनवाले असतील' म्हणून कापला जातो. सेवा मोफत आहे, त्यामुळे त्यांच्या नावाने कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर सरळ फोन ठेवा.

सोमवारी किंवा रात्री जीव कासावीस झाला तर १४४१६ आहे. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. ती खास सिगारेटसाठी नाही, पण सोडल्यानंतरची चिडचिड, झोप उडणं, उदास वाटणं यासाठी हक्काने वापरावी. ज्यांना आधीपासून नैराश्याचा किंवा चिंतेचा त्रास आहे त्यांनी हा नंबर पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवावा.

पायरी ३: वार बघून तारीख ठरवा

पंधरा दिवसांच्या आतली तारीख धरा. त्याहून लांबची तारीख म्हणजे न सोडण्याचा सभ्य मार्ग. ३१ डिसेंबर तर नकोच. त्या रात्री आजूबाजूला काय चालतं ते वेगळं सांगायला नको.

वाराचंही गणित आहे. सर्वांत जास्त त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. रविवारी सोडलीत तर दुसरा दिवस सोमवार, म्हणजे हेल्पलाइन बंद. बुधवार किंवा गुरुवार बरा: पुढचे तीन-चार दिवस फोन चालू असतो आणि मध्ये सुट्टीचाही दिवस मिळतो. पाळीत काम करणाऱ्यांनी रात्रपाळीचा आठवडा टाळावा, हिशेबवाल्यांनी मार्चअखेर टाळावी.

आदल्या रात्री लायटर, ॲशट्रे, गाडीच्या डॅशबोर्डमधलं अर्धं पाकीट, गच्चीवरच्या कुंडीतली थोटकं, सगळं बाहेर. 'पाहुण्यांसाठी एक असू दे' हे चालणार नाही.

पायरी ४: मेसेज सुरू करा

०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. आरोग्य मंत्रालयाच्या या कार्यक्रमात तुमचा नंबर नोंदला जातो आणि सोडण्यासाठीचे एसएमएस येतात. व्हॉट्सॲपच्या जमान्यात एसएमएस कोण वाचतं, हे खरं आहे. म्हणून त्या मेसेजचा टोन वेगळा ठेवा. याच्या जोडीला घरातल्या एका माणसाला कामाला लावा. बायको, नवरा, भाऊ, मित्र, कुणीही. फक्त स्वतः ओढणारा नको. त्या माणसाने रोज तुमच्या अवघड वेळी एक ओळ पाठवायची. 'आज किती?' इतकं पुरे. भाषण नको, 'मी सांगत होते ना' हे तर अजिबात नको.

पायरी ५: गरज असेल तर औषध

'मनाचा निग्रह पाहिजे' हे वाक्य आपल्याकडे इतकं ऐकवलं जातं की औषध घेणं म्हणजे हार वाटते. कसल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाचच जण सहा महिने-वर्षभर टिकतात, हा अभ्यासांतून पुन्हापुन्हा आलेला आकडा आहे. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी वापरली की यशाची शक्यता साधारण दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निकोटिनच्या पर्यायांबरोबर व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांची शिफारस केली आहे. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी च्युइंगमसुद्धा विचारूनच घ्यावं.

२ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम मेडिकलमध्ये सहज मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्यांना बहुधा ४ मिलिग्रॅमचं लागतं. ते डॉक्टरांना विचारून घ्या. पण ते खायचं कसं हे काउंटरवर क्वचितच कुणी सांगतं, आणि मग 'घेतलं होतं, घसा जळला, उचक्या लागल्या, फेकून दिलं' असं होतं. हे नेहमीचं च्युइंगम नाही. चार-सहा वेळा हळू चावायचं. तोंडात तिखट, झिणझिणल्यासारखं लागलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचं. झिणझिण ओसरली की पुन्हा थोडं चावायचं, मग दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चावून थुंकी गिळली तर ते पोटात जातं आणि नुसती मळमळ होते. आधीची पंधरा मिनिटं आणि च्युइंगम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक बंद, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही.

चहाचं आणखी एक, जे फारच थोड्यांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करतं. धूर थांबला की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री दोनपर्यंत डोळा न लागणं, हे सगळं 'सिगारेट सोडल्यामुळे' या खात्यावर टाकलं जातं. त्यातलं बरंचसं चहाचं असतं. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. याच कारणाने काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढतं, उदाहरणार्थ दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारांतली क्लोझापाइन आणि ओलान्झापाइन. ही चालू असतील तर सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगणं सक्तीचं समजा.

समोर बसून बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. अनेक दंत महाविद्यालयांतही अशी सोय असते.

पायरी ६: पहिला आठवडा

तलफ लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते, मग तुम्ही ओढा किंवा न ओढा. तेवढी दहा मिनिटं काढायची, एवढंच काम. मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा. जागा सोडा, गार पाणी घोट घोट प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, जिने उतरून चढा. जेवण झालं की ताटावरून लगेच उठून दात घासा. जेवणानंतरच्या सिगारेटीवर हा उपाय बराच चालतो. बद्धकोष्ठता, खोकला, सारखी भूक, चिडचिड हे पहिल्या दोन-चार आठवड्यांचे पाहुणे आहेत.

टपरीच्या मित्रांना स्पष्ट सांगा. 'सोडायचा विचार आहे' म्हटलं की 'एक घे रे, उद्यापासून सोड' हे ठरलेलं उत्तर येतं. 'सोडली' म्हणा.

सिगारेट सुटली म्हणून मळलेली तंबाखू, मावा किंवा मिसरी धरू नका. महाराष्ट्रात हे आवर्जून सांगावं लागतं: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यात सिगारेट-बिडी ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर न होणारा तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. हात पुढे केला की शेजारचा चिमूटभर देतोच. तंबाखू-मिसरी सोडायलाही वरचीच हेल्पलाइन चालते.

एखादा झुरका मारला गेलाच, तर त्याच दिवशी हेल्पलाइनला फोन करा आणि कुठे, कोणासोबत, कितव्या दिवशी ते सांगा. नवी तारीख धरत बसू नका. पुढची सिगारेट ओढायची नाही, बस.

आता हवं तर ॲप

ॲपचा खरा उपयोग हिशेबाला. समजा दिवसाला १० सिगारेटी, एक १८ रुपयांना. महिन्याचे ५,४०० रुपये, वर्षाचे ६५,७००. हा आकडा रोज वाढताना दिसला की बरं वाटतं, म्हणून 'क्विटनाऊ' किंवा 'स्मोक फ्री' सारखं एखादं घ्या, एकच घ्या. कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागितली तर देऊ नका. सिगारेट सोडायला तुमच्या फोनमधले चारशे नंबर कशाला हवेत? पैसे भरायला लावणारी आवृत्ती सुरुवातीला नकोच.

ऑनलाइन विकली जाणारी 'नकळत चहात मिसळा' छापाची चूर्णं तर लांबच ठेवा. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं आणि ज्याला देताय त्यालाही माहीत नसतं. हर्बल सिगारेटीत तंबाखू नसला तरी जळणाऱ्या पाल्याचा टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच. इन्स्टाग्रामवर गुपचूप मिळणारी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ही भारतात थेट बेकायदा आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात. अमेरिकेत १-८००-७८४-८६६९ हा नंबर तुमच्या राज्याच्या हेल्पलाइनला जोडून देतो. आईवडिलांसाठी फोन करत असाल तर दुभाषा मिळेल का ते विचारा. ऑस्ट्रेलियात १३ ७८४८. ब्रिटनमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचं स्वतःचं मोफत ॲप आहे आणि स्थानिक केंद्रंही. तिथे सिगारेट सोडायला व्हेपचा सल्ला अधिकृतपणे दिला जातो. तो सल्ला तिथेच ठेवा. सुट्टीला घरी येताना ते यंत्र बॅगेत नको.

मुलांनी सुरूच करू नये म्हणून

आठवी-नववीच्या मुलाला काळी फुप्फुसं दाखवून फारसं काही होत नाही. चाळिशीतला आजार त्याला आजोबांचा विषय वाटतो. त्याच्यापुढे आजचे मुद्दे ठेवा: क्रिकेटमध्ये धावताना लागणारी धाप, बोटांचा वास, आणि खिशातून जाणारे पैसे कोणाच्या तिजोरीत पडतात ते. 'नको' कसं म्हणायचं याची तालीम घरात करून घ्या, अगदी नाटकासारखी. तुम्ही आग्रह करणारा मित्र व्हा, त्याला टाळायला लावा. 'मॅच आहे उद्या' किंवा 'मला दमा आहे' अशी तयार उत्तरं मुलांना हवी असतात, कारण गटात 'नको' म्हणण्याला ती घाबरतात.

शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे आणि १८ वर्षांखालील मुलांना तर कुठेच विकता येत नाही. टपरी त्याहून जवळ असेल तर फोटो काढून मुख्याध्यापकांकडे आणि पालकांच्या सभेत न्या. शाळा अजून तंबाखूमुक्त नसेल तर सलाम मुंबई फाउंडेशनचं संकेतस्थळ बघा. ही संस्था महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांबरोबर नेमकं हेच काम करते. आणि तुम्ही स्वतः अजून ओढत असाल, तर मुलाला टपरीवर 'पाकीट घेऊन ये' म्हणून पाठवणं आजपासून बंद करा.